फ्रीजला स्टार आहेत, पाळणाघराला का नाहीत?



पाळणाघर किंवा डेकेअर सुरू करायचं म्हणून माझ्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न भांडवलाचा असतो, दुसरा जागेचा आणि तिसरा हल्ली हमखास हा असतो, "ताई, गुगलवर फाइव्ह स्टार लवकर कसे मिळवायचे?" या आठवड्याच्या व्हिडिओत पहिल्या दोन प्रश्नांनाच वेळ पुरला. तिसरा मुद्दाम इथे लिहायला ठेवला, कारण तो मार्केटिंगचा वाटतो पण निघतो थेट फी आणि पगाराच्या हिशोबापर्यंत.

माझं मत आधीच सांगून टाकते. मूल कुठे ठेवायचं हे ठरवताना पालकांना दर्जाच्या रेटिंगची खरोखर मदत होते. जिथे ते नीट राबवलं तिथे तसं दिसलेलं आहे. पण गुगलचे स्टार म्हणजे ते रेटिंग नव्हे. आपल्याकडे पालकांना बघता येईल असं पाळणाघरांचं दुसरं रेटिंग नाही, म्हणून या धंद्यात उतरणाऱ्याने स्वतःला स्टार लावून घेण्याऐवजी स्वतःचे आकडे दारावर लावावेत. कोणते आणि का, ते पुढे सांगते.

माझं घरगुती उपकरणांचं दुकान आहे. फ्रीज घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दरवाजा उघडून बघतं, कप्पे बघतं, रंग बघतं. हे सगळं त्याला स्वतःला कळतं. वीज किती खाणार हे मात्र बघून कळत नाही, ते घरी नेल्यावर बिलात कळतं. म्हणून बीईईचं स्टार लेबल २००६ मध्ये आलं. आता त्या लेबलकडे नीट बघा. वर स्टार असतात आणि खाली वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडाही छापलेला असतो. जाणकार गिऱ्हाईक स्टार बघून थांबत नाही, खालचा आकडा वाचतं आणि शेजारच्या फ्रीजशी ताडून बघतं. शिवाय स्टारची पट्टी दर काही वर्षांनी कडक होते, त्यामुळे जुने पाच स्टार नव्या पट्टीत कमी भरतात. बीईईचं कौतुक मी इथे एवढ्यासाठीच केलं की लेबल कशाला म्हणायचं ते ध्यानात यावं. जे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत नाही, ते कोणीतरी तिसऱ्याने मोजून समोर ठेवायचं.

पाळणाघरात न दिसणारं किती असतं बघा. आई सकाळी पाच मिनिटं येते, संध्याकाळी पाच मिनिटं येते. मधल्या नऊ तासांत बाळाला किती वेळा उचललं, डायपर किती वेळ तसाच राहिला, झोप आली नाही तर थोपटलं की दटावलं, दुपारी बारा बाळांमागे खोलीत एक मावशी होती की तीन, यातलं तिला काहीच दिसत नाही. आणि ज्याला माहीत आहे त्याला बोलता येत नाही. फ्रीजचं निदान महिन्याने बिल तरी येतं!

मग आई काय बघते? जे दिसतं ते. भिंतीवरचे कार्टून, रंगीत खुर्च्या, एसी, कॅमेरे, रिसेप्शनवरच्या मुलीचं इंग्रजी. यात आईची चूक काही नाही. अमेरिकेत क्रायर आणि बर्चिनल या अभ्यासकांनी १९९७ मध्ये हेच तपासून बघितलं होतं. एकाच पाळणाघराला पालकांनीही गुण द्यायचे आणि प्रशिक्षित निरीक्षकांनीही. पालकांचे गुण बरेच जास्त निघाले. आपलं मूल जिथे आहे ती जागा चांगलीच असणार, असं मानल्याशिवाय ऑफिसात काम कसं होणार? आईच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं.

बीबीएला ज्यांनी अर्थशास्त्राचा पेपर दिला असेल त्यांना जॉर्ज अ‍ॅकरलॉफ आठवतील. जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा त्यांचा १९७० चा लेख, ज्या विषयासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. मुद्दा साधा आहे. गिऱ्हाइकाला चांगला माल आणि वाईट माल यातला फरक कळत नसेल, तर तो दोघांनाही मधलाच भाव देतो. मधल्या भावात वाईट मालवाल्याचा फायदा होतो आणि चांगला मालवाला बाजारातून उठतो. पाळणाघराच्या धंद्यात हे कसं घडतं ते आता आकड्यांत बघू, कारण माझ्या मते सगळा विषय इथेच आहे.

समजा तुमच्याकडे दीड-दोन वर्षांखालची २० बाळं आहेत. समजा एका ताईचा पगार महिना १२,००० रुपये. (तुमच्या शहरात वेगळा असेल, आपला घालून बघा.) दहा बाळांमागे एक ताई ठेवली तर दोन ताया, २४,००० रुपये, म्हणजे प्रत्येक बाळामागे १,२०० रुपये. पाच बाळांमागे एक ठेवली तर चार ताया, ४८,००० रुपये, बाळामागे २,४०० रुपये. फरक बाळामागे महिना १,२०० रुपयांचा. सुट्टीवर गेलेल्या ताईच्या जागी बदली ठेवायची तर आणखी. भाडं, वीज, दूध, खेळणी यांत तुम्ही कितीही काटकसर केलीत तरी इतका फरक निघत नाही. बाळाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट हीच, तुमच्या खर्चातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि पालकांना न दिसणारी गोष्टही हीच. आता समोरच्या गल्लीतला माणूस दोन ताया ठेवतो, वाचलेल्या पैशांतले थोडे भिंती रंगवायला घालतो आणि फी तुमच्यापेक्षा ८०० रुपयांनी कमी लावतो. पालक कुठे जातील?

ट्रेनिंगच्या बॅचमध्ये हे गणित फळ्यावर मांडलं की वर्ग शांत होतो. एकदा एक जण म्हणाली, "मग ताई, आपण पण दोनच ठेवायच्या का?" प्रामाणिक प्रश्न होता. रेटिंग नसलेल्या बाजारात प्रामाणिक माणसाला हा प्रश्न पडतोच.

बाहेरच्या देशांनी काय केलं

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याने १९९८ मध्ये पाळणाघरांना स्टार द्यायची राज्यभराची पद्धत सुरू केली, ती तिथली पहिली. पुढच्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनाने लायसनलाच एक ते पाच स्टार जोडले. वर्गाची पाहणी करायला तिथे एक मोजपट्टी वापरतात, थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० मध्ये तयार केलेली. प्रशिक्षित निरीक्षक येऊन काही तास वर्गात बसतो आणि एकेका बाबीला एक ते सात गुण देतो. मुलं हात धुतात का, ताई मुलांशी कशी बोलते, खेळणी मुलांच्या हाताला येतील अशी आहेत की कपाटावर शोभेला ठेवली आहेत, असं सगळं.

आता व्यावसायिकाने लक्ष द्यावं असा निष्कर्ष. डॅफ्ना बॅसोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलिनातली पाळणाघरं अभ्यासली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांनी मुद्दाम अशी पाळणाघरं निवडली, जी दर्जाच्या सीमारेषेवर होती. म्हणजे जवळजवळ सारखीच, पण एक रेषेच्या जरा वर आणि दुसरं जरा खाली, म्हणून रेटिंग कमी. पुढे काय झालं? कमी रेटिंगवाल्यांकडे मुलं कमी येऊ लागली. आणि त्याच पाळणाघरांनी पुढच्या काळात दर्जा सुधारला. हा परिणाम कुठे जास्त दिसला, तर जिथे आजूबाजूला स्पर्धा होती तिथे.

याचा अर्थ मी असा लावते. रेटिंगचा फायदा पालकांना दोन बाजूंनी होतो. एक म्हणजे त्यांना निवडता येतं, हे तर झालंच. दुसरी बाजू जास्त मोठी आहे. ज्या आईने रेटिंग कधी उघडूनसुद्धा पाहिलं नाही, तिच्याही बाळाला फायदा होतो, कारण मालकाला भीती असते की बाकीचे बघतील. थोड्या चोखंदळ गिऱ्हाइकांमुळे सगळ्या गल्लीचा माल सुधारतो, हे दुकानदाराला वेगळं सांगायला नको. पण त्यासाठी दोन अटी. पालकांकडे दुसरा पर्याय हवा आणि रेटिंग सहज बघता यायला हवं. एकच पाळणाघर असलेल्या गावात रेटिंग नुसतं भिंतीवर टांगलेलं राहील.

ऑस्ट्रेलियाची पद्धत मला सगळ्यात पटते. तिथे २०१२ पासून देशभर एकच मोजपट्टी आहे. सात भागांत पाहणी होते: शिकवणं आणि खेळ, आरोग्य आणि सुरक्षा, जागा, कर्मचारी, मुलांशी असलेलं नातं, पालकांशी संबंध, आणि कारभार. रेटिंग दर्शनी जागी लावावंच लागतं, आणि सरकारी वेबसाइटवर पालकांना घराजवळच्या पाळणाघरांचं रेटिंग आणि फी दोन्ही बघता येतात. त्यातला एक नियम मला फार आवडला. सातपैकी एकाही भागात तुम्ही मापाला उतरला नाहीत, तर एकूण रेटिंगही मापाच्या खालचंच मिळतं. सरासरी काढत नाहीत. सहा भागांत उत्तम आणि सुरक्षेत कच्चे, म्हणून चार स्टार, असा प्रकार नाही. आता याच्याशी गुगल ताडून बघा. तिथे "पार्किंग मस्त"चे पाच आणि "माझ्या मुलाला ताप असताना कळवलं नाही"चा एक, यांची सरासरी निघून तीन होतात. सुरक्षेची सरासरी काढायची नसते हो.

माणसांचं प्रमाणही तिकडे कायद्यातच ठरलेलं असतं. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांखालच्या चार बाळांमागे एक मोठं माणूस. इंग्लंडमध्ये तीन बाळांमागे एक. आपल्याकडे सरकारच्या पाळणा योजनेत २५ मुलांच्या पाळणाघराला एक सेविका आणि एक मदतनीस असा साचा आहे. ती योजना कष्टकरी आयांसाठी आहे, तिचं मोल वेगळं, आणि पैशाची तुलना परदेशाशी करण्यात अर्थ नाही. पण महिना भक्कम फी घेणाऱ्या खाजगी डेकेअरने "सरकारीत तर इतकंच असतं" म्हणून हात वर करू नयेत.

स्टार म्हणजे सगळं कळलं, असंही नाही

आता दुसरी बाजू, कारण मला रेटिंगची आरती करायची नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या अनेक राज्यांतल्या बालवर्गांची माहिती घेऊन त्यांनी तपासलं की रेटिंगमध्ये मोजल्या जाणाऱ्या गोष्टींवरून मुलांची प्रगती सांगता येते का. एकत्रित स्टारवरून फारसं काही सांगता येईना. सगळ्यात उपयोगी ठरली ती एकच गोष्ट, शिक्षिका मुलांशी कशी वागते-बोलते. म्हणजे डिग्री, रजिस्टर, जागेचं माप हे सगळं एका पोत्यात भरून वर स्टार बांधले, तर पोत्यातला खरा दाणा हरवतो.

इंग्लंडमध्येही हाच वाद झाला. तिथली ऑफस्टेड ही तपासणी संस्था वर्षानुवर्षं एका शब्दात निकाल द्यायची, 'उत्तम', 'चांगलं' वगैरे. शाळांसाठी तो एका शब्दाचा निकाल २०२४ मध्ये बंद केला आणि नोव्हेंबर २०२५ पासून शाळांबरोबर पाळणाघरांनाही भागवार शेरे असलेलं प्रगतिपुस्तक द्यायला सुरुवात झाली. मोठमोठ्या यंत्रणासुद्धा एका शब्दावरून तपशिलाकडे वळत आहेत, हे लक्षात घ्या.

शिवाय तपासणी एका दिवसाची असते. त्या दिवशी कोणाच्याही घरात पसारा नसतो! दोन तपासण्यांमध्ये वर्षं जातात, तेवढ्यात मालक बदलतो, ताया बदलतात, रेटिंग तेच राहतं. ऑस्ट्रेलियात इतकी चांगली पद्धत असूनही २०२५ मध्ये मुलांच्या सुरक्षेची गंभीर प्रकरणं बाहेर आली आणि कायदे आणखी कडक करावे लागले. रेटिंग चांगलं म्हणून पालकांनी डोळे मिटावेत, असं कधीच नसतं.

आपल्याकडचा माझा आणखी एक आक्षेप आहे. उद्या सरकारने इथे रेटिंग आणलं आणि त्यात फाइलींना जास्त गुण ठेवले, तर सोसायटीतल्या दोन खोल्यांत चार-पाच मुलं सांभाळणारी मावशी पहिल्या फटक्यात नापास होईल. तिच्याकडे फाइल नसते, पण पाच मुलांमागे एक माणूस हे प्रमाण तिच्याकडे जन्मापासून आहे, आणि गेली दहा वर्षं तिच्या घरातली माणसंही बदललेली नाहीत. ऑस्ट्रेलियात अशा घरगुती सांभाळणाऱ्यांचा वेगळा प्रकार आहे, एकावेळी सात मुलं आणि त्यातली शाळेच्या वयाखालची जास्तीत जास्त चार. तशी वेगळी पट्टी आपल्याकडेही लागेल. नाहीतर रेटिंग म्हणजे फ्रँचायझीवाल्यांची जाहिरात होऊन बसेल.

गुगलचे पाच स्टार

गुगलवर वैतागून मी दोन परिच्छेद खर्च करणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे वाया जातात. डेकेअरचे रिव्ह्यू कोण लिहितं? पहिल्या महिन्यातले खुश पालक, मालकाचे नातेवाईक, आणि "रिव्ह्यू टाका, स्नेहसंमेलनाच्या फीत सूट" या ऑफरवाले. नाराज पालक काय करतात? मूल अजून तिथेच असेल तर गप्प बसतात, कारण उद्या सकाळी त्याच मावशीच्या हातात बाळ द्यायचं असतं. मूल काढून घेतलं असेल तर "जाऊ दे, सुटलो" म्हणून सोडून देतात. हॉटेलात डाळ खारट लागली तर माणूस टेबलावरूनच एक स्टार देतो. इथे तसं होत नाही. त्यामुळे डेकेअरचे ४.८ आणि ४.९ यांना माझ्या लेखी काही किंमत नाही. रिव्ह्यू वाचायचेच असतील तर एक-दोन स्टारवाले आणि त्याला मालकाने दिलेलं उत्तर वाचा. उत्तरावरून मालक कळतो.

कॅमेऱ्याचंही तेच. २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरातलं सीसीटीव्ही फुटेज सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण त्यात होती. तेव्हापासून "आमच्याकडे सीसीटीव्ही आहे" हे ब्रोशरचं पहिलं वाक्य झालं. पण नीट विचार करा, त्या जागीही कॅमेरा होताच. कॅमेऱ्याने पुरावा मिळाला, बाळाचा मार चुकला नाही. कॅमेरा लावाच, मी नको म्हणत नाही. पण रेकॉर्डिंग रोज कोण बघतं, हे सांगता येत नसेल तर तो कॅमेरा रंगीत खुर्चीच्याच यादीत धरा.

मग दारावर काय लावायचं

इथून पुढे तुमच्या कामाचं. फ्रीजच्या लेबलवरचा खालचा आकडा आठवा. तसे आकडे तुम्ही स्वतः लावायचे, आणि असेच लावायचे की आलेल्या पालकाला दोन मिनिटांत स्वतः मोजून खरे-खोटे करता येतील.

पहिला फळा दारातच. "आज बाळं इतकी, ताया इतक्या." रोज सकाळी खडूने लिहायचा. वयानुसार वेगळा, कारण चार वर्षांची पोरं आणि आठ महिन्यांचं बाळ एकाच भागाकारात घालणं ही फसवणूक आहे. स्वयंपाकाच्या मावशी आणि रिसेप्शनिस्ट यात मोजायच्या नाहीत. हा फळा लावायची हिंमत ज्याच्यात नाही, त्याने दर्जा हा शब्द ब्रोशरमध्ये वापरू नये, इतकं स्पष्ट मत आहे माझं.

दुसरा आकडा म्हणजे प्रत्येक ताई तुमच्याकडे किती महिने-वर्षं आहे. बाळाला ओळखीचा चेहरा लागतो, आणि ताया दर तीन महिन्यांनी पळत असतील तर आत काहीतरी बिघडलेलं आहे. पगार कमी असेल, नाहीतर मालकाची जीभ जास्त असेल. नवीन पाळणाघराला हा आकडा सुरुवातीला लाजिरवाणा वाटेल. चालेल. त्याऐवजी कोणाकडे प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे आणि पोलीस पडताळणी कधी झाली, ते लिहा.

तिसरी गोष्ट अवघड आहे, किरकोळ अपघातांचं रजिस्टर. पडला, चावला, ओरबाडलं, डोक्याला टेंगूळ आलं, सगळं तारीख-वेळेसकट लिहायचं, त्याच दिवशी त्या पालकाची सही घ्यायची, आणि चौकशीला आलेल्या नव्या पालकाला, मुलांची नावं झाकून, ते दाखवायचं. यावर बॅचमध्ये नेहमी ओरडा होतो. "ताई, समोरचा म्हणतो आमच्याकडे एकही अपघात नाही, आणि आम्ही टेंगळं दाखवत बसू?" बरोबर आहे तुमचं, थोडी गिऱ्हाइकं जातील. पण पंधरा मुलं जिथे रांगतात तिथे वर्षभरात एकही टेंगूळ नाही, हे ज्या आईला खरं वाटतं तिला वाटू दे. ज्या आईला घरी एक पोर आहे तिला माहीत असतं की हे शक्य नाही. ती आई तुमच्याकडे येईल, आणि आली की तीन वर्षं राहील. शिवाय खरंच काही मोठं घडलं, तर तुमचं बोलणं खरं धरायला मागे पानं असतील.

चौथी गोष्ट फुकट आहे. पालकांना दिवसात कधीही, न सांगता यायची मुभा. "दुपारी मुलं झोपतात, डिस्टर्ब होतं" हे कारण मला पटत नाही. दाराला जाळीची किंवा काचेची खिडकी करा, आईला बाहेरून बघू द्या, आवाज नको. रेटिंगवाला निरीक्षक वर्षातून एकदा येईल की नाही कोण जाणे, पण न सांगता येणारे वीस पालक म्हणजे वीस निरीक्षक.

तिसऱ्याने मोजण्याचं काय? यावर एक कल्पना आहे. तुमच्या उपनगरात पाच-सहा चांगली पाळणाघरं असतील तर एकत्र या, आणि अंगणवाडीची निवृत्त मुख्यसेविका किंवा बालविकास शिकवलेल्या निवृत्त प्राध्यापिका यांना मानधन देऊन वर्षातून दोनदा, तारीख न सांगता, प्रत्येकाकडे चार तास बसायला सांगा. त्यांनी फक्त एक गोष्ट बघायची, ताया मुलांशी कशा वागतात. शेरा जसा असेल तसा दारावर. एकमेकांची तपासणी एकमेकांनी मात्र करू नका, तो एकमेकांना पाचपैकी पाच द्यायचा कार्यक्रम होतो, व्यापारी संघटनांचे पुरस्कार आपण बघितलेत.

आणखी एक गिऱ्हाईक यातून मिळू शकतं, ज्याच्याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही त्यातच आहे. स्वतःचं पाळणाघर चालवणं बऱ्याच कंपन्यांना परवडत नाही, सामायिक सोय त्यांना चालते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाची २०१८ ची किमान मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती डाउनलोड करून वाचा. त्यात जागा, सुरक्षा, कर्मचारी याबद्दल जे मागितलंय ते पूर्ण करून फाइल तयार ठेवा. एचआरवाल्याला तुमच्या कार्टूनच्या भिंतीशी देणंघेणं नसतं, उद्या काही झालं तर दाखवायला कागद हवा असतो. फळा, रजिस्टर, बाहेरच्या बाईंचा शेरा हे सगळं तुमच्याकडे आधीच असेल, तर बोलणी दहा मिनिटांत फीवर येतात.

फीचं शेवटी बोलायलाच हवं. पालक म्हणतील, "समोर ८०० रुपयांनी स्वस्त आहे." तेव्हा समोरच्याला नावं ठेवू नका आणि डिस्काउंटही देऊ नका. त्यांना फळ्यासमोर न्या आणि सांगा, "आमच्याकडे पाच बाळांमागे एक ताई आहे. तिच्या पगारातला तुमच्या बाळाचा वाटा २,४०० रुपये. समोर जा, आणि सकाळी अकरा वाजता, न सांगता जा. बाळं मोजा, ताया मोजा. मग भागाकार करून तुम्हीच ठरवा." काही जण परत येणार नाहीत. त्यातल्या काहींचं बजेटच तेवढं असतं, त्यांना दोष देऊ नका, आणि जमलं तर दुपारपर्यंतची अर्धी बॅच सुचवा. पण अकरा वाजता जाऊन मोजून आलेली आई दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला येते, आणि सोबत ऑफिसातली मैत्रीण घेऊन येते.